दिवाळसणाची कॅसेट

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, दिवाळीचा पाडवा, थंडी नुकती धरलेली, आंघोळीचं पाणी चुलीवरनं उतरवलं की वाफ निघत व्हती... आणि असल्या सणाच्या दिवशी, सकाळच्या पारी, माज्या वट्यावर कोण केकाटत व्हतं? गोरा सायब! आवं, ह्येला घालवून पन्नास वर्सं झाली आणि माजा जावई त्येला कॅसेटीत भरून परत घिऊन आला!

तुमास्नी सांगतो, मला गाण्यातलं काय कळत न्हाई. फौजेत हवालदार व्हतो. बंदुकीचा आवाज कळतो, तोफंचा कळतो, सुभेदाराचा तर झोपेत बी कळतो. पर ह्यो कसला आवाज? आधी साठ-सत्तर माणसं एकदम आरती म्हणायला लागली. आरती कशी, तर देवळाबाहेरनं चपला चोरीला गेल्यावर म्हणत्यात तशी, दात-ओठ खाऊन! मग सारंग्या. शंभरभर सारंग्या एकदम पिसाळल्या. मग ढोल, धडधडधडधड... माणसाला हात दोन, पाय दोन, ह्यो ढोलवाला चारी कामाला लावून वर कपाळ बी आपटत असणार. आणि समद्यांच्या वर एक गडी बोंबलतोय, गडी का बाई ते बी कळंना, दारात बोट चेमटल्यागत!

तुमी म्हणाल, आकाराम, मग उठून बंद का न्हाई केलंस? बंद करतो! जावई व्हता त्यो! आमच्या रेश्माचं लगीन वैशाखात झालं, जावई उदयसिंह, साताऱ्याचा, शिरवळला कारखान्यात कामाला, आणि ह्यो त्येचा पैला दिवाळसण. पैल्या दिवाळसणाला जावई मागंल ते द्यायचं. न्हाई दिलं तर त्यो रुसून ताटावरनं उठायचा आणि आमच्या लेकीनं सासरी जन्मभर ऐकून घ्यायचं. म्या सांगलीसनं अंगठी आणून ठेवल्याली. म्हणलं, "जावईबापू, बोला, काय पायजे?" तर ह्यो चष्मा पुसत म्हणतो, "मामा, मला सोनंबिनं काही नको. एवढी कॅसेट सगळ्यांनी बसून ऐकायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये कुणी उठायचं नाही. आणि प्रत्येकानं आपलं मत सांगायचं. सुटी सुटी गाणी नाहीत मामा, एकच मोठी कथा आहे!"

मत म्हणे! आमी मत देतो ते पडद्याआड जाऊन, शिक्का मारून, गपचीप. हितं तोंडानं द्यायचं?

बरं, दिवाळसण म्हणल्यावर भावकी बोलवाय लागती. आणि भावकीत कोण? लालासाहेब! माजा चुलतभाऊ, समोरासमोर दार... आणि ह्येनं दिल्याली एक मुस्काटात मला अजून फेडायची व्हती.

ते आधी ऐका. आमच्या पलूसकडं पाडव्याला म्हशी पळवत्यात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि धनी फुडं फटफटीवर. फटफटीची पुंगळी, म्हंजी सायलेन्सर, काढून टाकल्याली, धडधडधडधड, आणि त्या आवाजामागं म्हस पळती. महिनाभर आधी सवय लावत्यात. त्यो आवाज कानावर आला की म्हस वैरण सोडती, रेडकू सोडती, दावं तोडती, पर फटफटीची पाठ सोडत न्हाई. तर गेल्या पाडव्याला माजी म्हस निम्म्या वाटंत बसली आणि लालासाहेबाची म्हस मोरणी फुडं गेली. म्या म्हणलं, "दारू पाजलीस व्हय रं म्हशीला?" तर ह्येनं भर चौकात, समद्या गावादेखत, फाडकन! टोपी माजी गटारात!

म्या हात उचलला, तर लोकांनी धरला. घरी आलो तर बनुबाई, म्हंजी आमची मंडळी, उंबऱ्यात उभी. "औंधाच्या यमाईची शपथ हाय तुमास्नी! पोरीचं लगीन ठरतंय. तिचा दिवाळसण पार पडस्तवर हात उचलायचा न्हाई. मग तुमचं तुमी बगा." आता काय बोलता? वर्सभर ती मुस्काटात गालावर घिऊन हिंडलो! गावात कुणी गाल खाजवला तरी वाटायचं, मलाच खुणावतोय!

तर त्यो लालासाहेब माज्या वट्यावर, माज्या गादीवर, माजी करंजी खात बसल्याला. समोर त्येच्या दारात मोरणी सजून उभी. आमच्या गल्लीतला गुंडा पैलवान, त्येनं गणपती मंडळाचं दोन मोठं बॉक्स आणून ठेवल्यालं, बनुबाईनं दटावलं म्हणून आवाज बारीक. आणि जावई एकेकाला मत इचारतोय.

माजी चुलती साळूबाई, कानानं अधू, ती म्हणाली, "कोण गेलं रं, आकाराम? रडणारी बाई लांबनं आणल्याली दिसती... लय दम हाय!"

बनुबाईला इचारलं. ती पदर सावरत म्हणती कशी, "मिक्सरात खडा गेल्यागत वाटतंय... पर जावईबापू, खडा लय ग्वाड हाय!" बगा! माज्या गाण्याला उभ्या जन्मात गोड म्हणली न्हाई!

गुंडाला इचारायची गरजच पडली न्हाई. त्येनं शर्ट काढून वट्यावर जोर मारायला सुरवात केल्याली. "मामा, लय भारी! ह्येच्यावर अंग काय फुलतंय!"

मग जावई वळला लालासाहेबाकडं. त्येनं करंजी गिळली, बोटं चाटली, माज्याकडं बगितलं आणि म्हणाला, "तुमच्या सासऱ्यागतच हाय, पावणं. आवाज दांडगा, काम काय न्हाई!"

वट्यावर हशा. माजा उजवा हात आपसुक वर निघाला. दारात बनुबाई. डोळं वटारल्यालं. म्या हात मांडीखाली घातला आणि त्येच्यावर बसलो.

"मामा, आता तुमचं मत?"

म्हणलं, "कॅसेट संपू द्या. मग दितो."

मला गाण्यातलं काय कळत न्हाई, तुमास्नी सांगतो, पर जावई गोष्ट सांगाय लागला आणि माजं कान टवकारलं. "मामा, एक राजा असतो. शूर, पण गरम डोक्याचा. त्याचा चुलतभाऊ भर दरबारात त्याच्या तोंडात मारतो. मुकुट खाली पडतो."

लालासाहेबानं दुसरी करंजी उचलल्याली, ती तशीच ताटात ठेवली.

"राजा तलवारीला हात घालतो, तर राणी त्याला शपथ घालते..."

साळूबाईला नेमकं एवढंच ऐकू गेलं! "आगं बया, ही तर आपल्या आकारामची गोष्ट! गोऱ्यास्नी कुणी सांगितली?"

गुंडा जोर मारायचा थांबला. "मामा, टोपी गटारात पडल्याली बी हाय का ह्यात?"

आता समदी भावकी एकदा माज्याकडं बगती, एकदा लालासाहेबाकडं. जावई आपला रंगात. डोंगर सांगतोय, आग सांगतोय, आग वकणारा कसला तर पंखवाला अजगर सांगतोय, राजा त्येच्या नरड्यात तलवार घालतोय, रगताचं पाट... आणि तिकडं लालासाहेबाचं तोंड तव्याच्या बुडागत काळं. त्यो उठला. "बंद करा रं ती कॅसेट! सणासुदीचं काय हे अभद्र!"

खट्. एक बाजू संपली.

आणि मी! सकाळधरनं त्या टेपचा गळा दाबावा म्हणून हात शिवशिवत व्हतं, त्यो मी ताडकन उठलो. "बस खाली! मधी कुणी उठायचं न्हाई, जावयाचा दिवाळसण हाय! उलटी करा ती कॅसेट! गुंडा, आवाज सोड समदा! आणि बॉक्सांची तोंडं फिरीव... तिकडं, लालासाहेबाच्या दाराकडं!"

गुंडानं सोडला. धडधडधडधड! भिताडावरची पाल खाली पडली. शेजारच्या कोंबड्या छपरावर. आणि समोरच्या दारात मोरणीनं मान वर केली.

तुमास्नी सांगतो, पुंगळी काढल्याल्या फटफटीचा आवाज आणि त्या गोऱ्याचा ढोल ह्यात रत्तीचा फरक न्हाई! म्हशीला वाटलं, धनी निघाला! तिनं दावं तोडलं, खुटा उपटला आणि मोरपिसं उडवत सुटली ती सरळ माज्या वट्यावर! फराळाचं ताट पैलं गेलं, मग पाट, मग समई, मग साळूबाईला दोघांनी उचलून आत फेकली म्हणून वाचली! वट्याचा खांब हालला! आणि मोरणी येऊन थांबली कुठं, तर बॉक्साच्या फुडं. नाक लावून. शेपूट हालवत. समद्या गावात त्या कॅसेटीचा खरा दर्दी एकच निघाला!

लालासाहेब वरडला, "चेटूक केलं माज्या म्हशीवर!" आणि झाली सुरवात. त्येच्या थोरल्यानं माज्या पुतण्याच्या टाळक्यात चकलीचा सोऱ्या घातला. माज्या पुतण्यानं त्येला कानाला धरून भितीवर आपटला. गुंडाचं अंग फुलल्यालंच व्हतं, त्येनं कुणाचा कोण न बगता एकाला धोबीपछाड मारून उकिरड्यात घातला, दुसऱ्याला बगलंत दाबला, त्येचा दात निखळून लाडवात रुतला! बायका लाटणी घिऊन बाहीर. माणसं कण्हत्यात, टेप कण्हतोय, कोण कुठलं ते कळंना! आणि मी? मी हात पाठीमागं बांधून उभा, परेडीला उभा ऱ्हातो तसा. पोटऱ्यांवर लाथा खाल्ल्या, पाठीवर बुक्क्या खाल्ल्या, हात काढला न्हाई. यमाईची शपथ!

लालासाहेबानं ते बगितलं. लोखंडी खुर्ची उचलली आणि माज्या डोस्क्यावर आणली. मी फौजी. वाकलो. जावई फौजी न्हाई.

खुर्ची जावयाच्या नाकावर!

रगताची धार, चष्मा वाकडा, रेश्मानं किंकाळी फोडली. आता मला कोण आडवणार? म्या लालासाहेबाची गचांडी धरली, भितीला लावला, उजवा हात पार मागं नेला...

"आवं, शपथ!" बनुबाई वरडली. "दिवाळसण झाला न्हाई अजून!"

"जावयाचं नाक फुटलं की! आणि काय व्हायचं राह्यलंय?"

"त्येंनी कॅसेट मागितलीया. एक गाणं राह्यलंय!"

जावई रेश्माचा पदर नाकाला लावून, डोळं मिटून म्हणतोय, "शेवटचं आहे, मामा... सगळ्यात चांगलं... उठायचं नाही कुणी!"

काय करता? समदी थांबली. जी जशी व्हती तशी. थोरल्याचा कान पुतण्याच्या मुठीत, बगलंतला माणूस गुंडाच्या बगलंत, लालासाहेबाचा गळा माज्या हातात. आणि टेपवर ढोल न्हाई, आरती न्हाई, नुसती एक बाई हळू आवाजात म्हणाय लागली, अंगाई म्हणावी तशी. मोरणीनं डोळं मिटलं. लालासाहेब आवंढा गिळत व्हता, ते माज्या बोटांस्नी कळत व्हतं. मला गाण्यातलं काय कळत न्हाई... पर वट्यावर कुणी नाक बी वडलं न्हाई.

जावई हळूच म्हणाला, "राजा परत येतो. भाऊ त्याच्या समोर गुडघे टेकतो. राजा तलवार उपसतो... आणि फेकून देतो. माफ करतो त्याला, मामा. मिठी मारतो."

आतनं साळूबाईचा हुंदका. बनुबाईनं डोळं टिपलं. लालासाहेबाच्या मिशा जरा हालल्या, म्हणाला, "बगितलंस, आकाराम? राजाचं मन केवढं!"

खट्. कॅसेट संपली.

"मामा," जावई म्हणाला, "आता तुमचं मत?"

राजाचं काय, राजा मोठा माणूस. त्येला परवडतं.

म्या मत दिलं. लालासाहेबाची टोपी मोरणीच्या शिंगावर जाऊन बसली.

फिटली.