झिजलेला कोपरा

हलवून बघा ना टेबल, पाय जरासुद्धा डगमगत नाहीत — पण तुम्ही तिथून बाजूला व्हा आधी, इकडे या. नाही, काही नाही, सहज म्हटलं. तो कोपरा? वाळवी नाही हो, झिजलाय तो. हातानं. माझ्या ताईच्या. एकोणीस वर्षांनी मोठी माझ्याहून, मला वाढवलं तिनंच. गुडघे गेलेले, त्यात रक्तदाबाची गोळी, उठली की घेरी यायची. काठीचं नाव काढायची सोय नव्हती — "मी काय म्हातारी झालेय, गधड्या?" मग चालायची कशी? पलंगाची कड, हे टेबल, मोरीचं दार. धर, सोड, धर. मला वाटायचं, धूळ बघते.

मग एकदा मोरीत घसरली, थोडक्यात वाचली. दवाखान्यातल्या नर्सबाई घर बघून गेल्या, कागद दिला. मी चौथी नापास, पण अक्षर अक्षर लावून वाचला. पायपुसणं काढा — काढलं. गुळगुळीत चपला — फेकल्या. दिवा मोठा लावला. वाटेतलं सामान हलवा — म्हटलं, हे धूडच तर आहे वाटेत, आणि नेलं खिडकीखाली, आता आहे तिथं. पुढं होतं, भिंतीला धरायला दांडी लावा. आणलेली ना दांडी. ती काय, दारामागं, अजून कागदात गुंडाळलेली. भोकं पाडायचं मशीन शेजाऱ्याचं, तो म्हणाला रविवारी देतो. मला कुठला धीर. ताई म्हणायचीच, तुझी आधी उडी, मग विचार.

"माझं टेबल कुठं नेलंस रे?" विचारलं तिनं. विचारलं होतं. मी म्हणालो, आता मोकळी चाल की, ऐटीत. हसली. शुक्रवार होता तो. दुपारी झोपेतून उठली, डोळे अर्धे मिटलेले, सवयीनं हात टाकला — तुम्ही मघाशी उभे होता ना, तिथं. मी समोरच, पाणी ओतत होतो. हाताखाली काही नव्हतंच.

लोक म्हणतात, वय झालेलं, तोल गेला नि गेली. मीही म्हणतो, हो, तोल गेला. तुम्हालाच पहिल्यांदा... जाऊ दे. बायको म्हणते, विकून टाक, डोळ्यांसमोर नको. खरंय तिचं, म्हणून तर बोलावलं तुम्हाला. चला, तुम्ही तिकडून धरा, मी — काय? तासून घेणार? कोपरा?

ठेवा खाली. तिथं नाही, पलंगाजवळ. अजून थोडं अलीकडं. हां, इथंच होतं.

जा तुम्ही आता.