जाळ्याचं दुसरं टोक

(बल्लारपूर, २००६. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, दुपार. रांगेतला एकच कॉम्प्युटर सुरू आहे. त्याच्यासमोर जाहिद आणि सुटीवर आलेला अमर.)

अमर : सोमवारी नाई जमत बे. रविवारीच ट्रेनिंगले हजर व्हा लागते. उशीर झाला तं ग्राउंडले चक्कर मारून मारून जीव जाते.

जाहिद : एकच दिवस मागतो यार. सोमवारी बाहेरचे सर येतात परीक्षा घ्यायला. गेमचा प्रोजेक्ट दोघांचा आहे. तुझं नाव मी अजून काढलं नाई.

अमर : काऊन नाई काढलं? मी तं दसऱ्यालेच कोर्स सोडला.

जाहिद : सोडला म्हणून सांगितलं कुठं तू? पोलीस भरतीत लागला हे मला बसस्टँडवर तुझ्या बापूजींकडून कळलं. मी येडा इथं तुझ्यासाठी खुर्ची पकडून बसलेला.

अमर : तोंड नाई होतं सांगाले. बापूजी म्हणे, खेळ बनवून का पोट भरते? आन् तुले सांगतलं असतं तं तू म्हटलं असतं, जाऊ नोको.

जाहिद : म्हटलंच असतं.

अमर : मी ऐकलं असतं बे. म्हणूनच नाई सांगतलं.

जाहिद : ...पाणी पितो का?

अमर : नोको. बाकीचे पोट्टे कुठी हायेत? जेवाले गेले का?

जाहिद : कोणते बाकीचे? बिरजू डी.एड.ला लागला. धनराज हैदराबादला हॉटेलात. पायलचं लग्न झालं. गेम प्रोग्रामिंगच्या कोर्सला आता मी एक अन् मॅडम एक. मॅडम तरी रोज हजेरी घेते. माझं नाव घेते, मी ‘येस मॅडम’ म्हणतो. मग दोघंही खिडकीबाहेर बघतो.

अमर : आन् पुढच्या साली?

जाहिद : पुढच्या साली कोर्सच नाई. बंद.

गुणाबाई : (झाडू घेऊन दारातून) कोण होय गा तो? अमर? अगाई, किती वाळला रे!

अमर : हाव गुणाबाई, मीच. तुमचा झाडू काई सुटत नाई हातचा.

गुणाबाई : सुटते कसा बापा? बसणारा एकटा, पण खुर्च्या साऱ्या पुसा लागते. बरं झालं आला तं. हा पोट्टा त्या डब्ब्यासंगच बोलत राह्यते. ‘ओढ ना अमऱ्या, ओढ ना अमऱ्या’ करते. मले वाटे, याले बाहेरची हवा-गिवा लागली का काय!

जाहिद : गुणाबाई, जा ना तुम्ही.

गुणाबाई : जाऊन राह्यली ना. मी का खोटं सांगून राह्यली?

अमर : ...हे काय म्हणून राह्यली बे?

जाहिद : काई नाई. गेम बघ. तुमच्या गावचाच तलाव आहे. मोठं जाळं, दोघांनी दोन टोकं धरून काठाकडं आणायचं. एकानं जास्त ओढलं की मासळी बाजूनं निघून जाते. तूच सांगितलं होतं ना? घे, हे बटन दाबून ओढ.

अमर : पळसाचं झाड बी काढलं का! वा रे पठ्ठे. ...पण दुसऱ्या टोकाले कोण हाय? तू तं इथी बसून हायेस.

जाहिद : कॉम्प्युटर ओढते. दोन जणांचा गेम, अन् मी एकटा. काय करणार?

अमर : लय घाई करते गा हा. अरे, हळू! पाय बी कसे फेकते, बदकावानी. हा तं... जाहिद, हा मी होय का बे?

जाहिद : तू नाई तर कोण? आपण तलावावर गेलो होतो, तेव्हा जसा ओढत होता, तसाच लिहिला. आधी घाई करायची, मग शिव्या द्यायच्या. शिव्या मॅडमनं काढायला लावल्या.

अमर : थांब, थांब. मी फसलो. पाय निघत नाई माया.

जाहिद : चिखल आहे तिथं. बघत राहा.

अमर : हा टोक सोडून काऊन येऊन राह्यला इकडं? अबे, जाय ना माघारी! गेली ना सारी मासळी!

जाहिद : जाऊ दे. तुला काढायला आला तो. मी गळ्याएवढ्या चिखलात बोंबलत होतो तेव्हा असाच आला होता तू. टोक सोडू नको म्हणून तुझा काका काठावरून ओरडत होता.

अमर : पण हे चूक हाय. खेळ तं हारलो ना आपण.

जाहिद : मॅडमही तेच म्हणते. सर मार्क कापणार, त्याचं टोक सोडून येणं काढून टाक म्हणते. प्रोग्राममधली एक ओळ खोडायचं काम आहे.

अमर : मंग काढ ना बे! परीक्षा हाय तुयी.

जाहिद : काढलं की तो कोणीही होते यार. आत्ता निदान वाटते, समोर कोणी आहे. घरी गेलो की अब्बा विचारतात, आज कोण कोण आलं होतं? मी सांगतो, अमर होता.

अमर : ...जाहिद, मी तसा नाई राह्यलो आता. तिथी शिकवतात, आपली जागा सोडाची नाई. बाजूचा पडला तं पडला. पह्यले जड गेलं. आता पाय हालतच नाई माया.

जाहिद : सच्ची?

अमर : आईची आण. तू पास हो गा. काढून टाक ते.

जाहिद : माझ्यानं होत नाई. तूच काढ. ही बघ, ही ओळ. खोडून टाक.

अमर : ही?

जाहिद : हां. दाब.

अमर : ...दाबतो. आधी आणखी एकदा चिखलात जाऊ दे मले.