भट्टीच्या जागेवरची मोहरी

माजरीच्या बसथांब्यावर कांताच्या पुढे इंदुबाई आणि तिचा शेजारी धनराज बोलत उभे होते. कांता दोघांनाही ओळखत नव्हती.

"एवढी हिरवीगार मोहरी, अन् उद्या उपटून टाकता, इंदुबाई?"

"त्याच्यासाठीच त पेरली, धनराज. माह्या वावरातली जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढाची भट्टी बंद झाली, पण शिसं मातीतच राह्यलं. मोहरी ते ओढून आंगात साठवते."

"मंग मरत काऊन नाई?"

"तिले सोसते. आपल्याले नाई सोसत."

"बकऱ्यायले टाका."

"दुधात येईन ना. जाळलं त धुरात जाईन. मुळासकट उपटाची, पोत्यात भराची, अन् पुन्हा पेराची. माती साफ होईपर्यंत."

"अन् जलमभर नाई झाली त?"

"मंग सून पेरन."

"लोकं भाजीले तोडून नेतात म्हणे."

"काटे लावले, तरी आज सकाळी कोणी तरी कोवळी पाहून नेली."

कांताच्या पिशवीतून मोहरीची जुडी डोकावत होती. लेकीला सातवा महिना होता, तिच्यासाठी सकाळी तोडलेली. बस आली. कांता चढली नाही.

"बाई, हे जुडी पण तुमच्या पोत्यात टाका," ती म्हणाली. "अन् उद्या उपटाले किती वाजता येऊ?"