नाव झाकलेला लेख

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक प्राध्यापक डोळ्यांत थेंब घालून बसले होते. त्यांच्याकडे तपासायला आलेला शोधनिबंध शेजारी बसलेली बायको फोनमध्ये बघून वाचून दाखवत होती.

“थांब. फसलेले प्रयोग आधी मांडलेत?”

“हो, चांगली तीन पानं.”

“असं आपल्या लेकीशिवाय कोणी लिहीत नाही.”

“अहो, नाव तर झाकलंय.”

“तिचाच आहे. मला तपासता यायचा नाही, परत पाठव.”

“इथे कारण विचारलंय.”

“लिही, मुलगी आहे माझी.”

“सहा वर्षांच्या अबोल्यानंतर ‘मुलगी माझी’ निघालं तोंडातून. तिला कळवतील का हे?”

“नाही. तपासणाऱ्याचं नाव तिला कधीच कळत नाही.”

“मग पाठवू?”

“आपला नंबर कितवा?”

“अजून चौघं आहेत.”

“मग वाच की. सावकाश वाच.”