ब्लिस जिथे थांबायची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पेट्रोल डेपोचे मॅनेजर लिंडेगोरसाहेब, शेजारी बसलेले पाद्रीबाबा, सत्कारमूर्ती येप्पेकाका, आणि समोरची कॉफी निवू देऊन माझं ऐकायला बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी फेरो बेटांवरचा, शिक्षण बेताचं. डेपोत काकांच्या हाताखाली लागलो, तर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय रे मेंढक्या, घोडा पाहिलायस का कधी?"

"पाहिलाय की."

"मग लगाम सोड. रस्ता ब्लिसला पाठ आहे."

खरंच होता. पेट्रोलची टाकी ओढत घोडी दारोदार आपणहून थांबायची. काका पितळी मापाने टाकीवर दोनदा ठोकायचे. घरातून डब्यावर दोनदा उत्तर आलं तर पेट्रोल द्यायचं, नाहीतर पुढे. ही रीत आपण जाणताच.

पण ब्लिस डॉक्टर होल्कांच्या फाटकाशीही थांबायची. या भागातली पहिली मोटार त्यांची. कंदील घेऊन तिच्यात पेट्रोल भरायला गेले आणि शेडसकट जळाले, ते मी यायच्या आधी. आता तिथे नुसती खाजरी झुडपं. तरी काका ठोकायचे. आणि भरदुपारी, मंडळी, आतून उत्तर यायचं. टण, टण.

"काका, कोण ते?"

"गिऱ्हाईक." काका मापभर पेट्रोल फाटकाशी ओतायचे. "नाही दिलं तर मागे येतं. चल."

मला वाटलं, नवख्याची थट्टा चाललीय.

या आठवड्यात घोडीच्या जागी मोटारटाकी आली, चालवायला मी. मी डॉक्टरांच्या फाटकावरून न थांबता सरळ गेलो. डेपोत उतरून बघतो तर तोटीला डबा लटकलेला. काळा, जळका. नेऊन फाटकाशी ठेवला. काल मुद्दाम तिथे थांबलो, इंजिन बंद केलं, ठोकलं. उत्तर नाही. डेपोत आलो, तर डबा पुन्हा तोटीला. आणि हाताला गरम.

त्यांना ब्लिसच्या टापा हव्यात, दुसरं काय? आणि उद्या ब्लिस खाटकाकडे जायची आहे, काका ओडेन्सला मुलीकडे. साहेब, निर्णय आपला आहे. पण त्या रस्त्याला यापुढे मी एकटा असणार. घोडी ठेवा, एवढंच मागणं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलायची सवय नाही, चुकलंमाकलं पोटात घाला. मागच्या दाराशी कुणी डबा वाजवतंय, त्यांनी जरा दम धरावा. काका बूट घालतायत. ब्लिसच्या तबेल्याची किल्ली तेवढी साहेबांच्या खिशात आहे.