शस्त्रक्रियागृहास कुलूप लावल्याबाबत

मी, शिवयोगी शरणप्पा तोडकरी, वय ५४ वर्षे, शिक्षण बी. कॉम., धंदा नोकरी (धर्मादाय रुग्णालयाचा व्यवस्थापक), राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, समक्ष हजर राहून जबाब देतो की, शस्त्रक्रियागृहाची किल्ली मी बेकायदा जवळ ठेवल्याची तक्रार विश्वस्त मंडळाने केली आहे. कुलूप मीच लावले. त्याचे कारण नोंदवून घ्यावे.

रुग्णालयाचे शल्यचिकित्सक डॉ. सिद्धप्पा म्हमाणे हे माझी पत्नी रत्नम्मा हिचे थोरले बंधू. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयातच, लिंगायत रिवाजाप्रमाणे गळ्यातील इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करण्याचा त्यांचा परिपाठ आहे. रुग्णांचे नातेवाईक दारातून हात जोडतात. गेल्या दिवाळीपासून तो हात थरथरतो. लोक त्यास भक्तीचा कंप समजतात. मी तसे समजत नाही, कारण चहाचा कपही त्यांच्या हातून सांडतो. हे मी विश्वस्तांना लेखी कळविले. अध्यक्ष म्हणाले, "तोडकरी, त्यांच्या हातावर दवाखाना चालतो. घरच्या माणसानं असं बोलावं?"

काल सकाळी मोहोळच्या रंभाबाई यांच्या पोटातील गाठीची शस्त्रक्रिया ठरली होती. पूजेत लिंग डॉक्टरांच्या तळहातावरून निसटून मांडीवर पडले. त्यांनी ते उचलून डोळ्यांस लावले. मी उठलो व कुलूप लावले.

रंभाबाईंचे पती कोंडीबा म्हणाले, "देवमाणसाचा हात हाय त्यो! तुमी किल्ल्या सांभाळणारं, तुमाला काय कळतंय?"

इतक्यात डॉक्टर हात धुऊन आले.

"दाजी, उघडा."

"अण्णा, उघडणार नाही."

"रत्नीला काय सांगाल?"

मी किल्ली खिशात टाकली. त्यांनी ओले हात समोर धरले व बराच वेळ पाहिले. मग कोंडीबांना म्हणाले, "हिला सरकारी दवाखान्यात न्या. माझा हात आता चालत नाही." त्याप्रमाणे रंभाबाईंना तेथे दाखल केले असून त्यांची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे.

किल्ली या जबाबासोबत हजर करीत आहे. विश्वस्तांनी ती न्यावी. मात्र डॉक्टरांच्या हाती देऊ नये.

माझी पत्नी कालपासून माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी डॉक्टरांनी मला त्यांच्या घरी पूजेस बोलावले. त्यांच्या तळहाताखाली मी माझा तळहात धरला. पूजा पूर्ण झाली.

हा मजकूर मला वाचून ऐकविला. मी सांगितले तेच यात आले आहे; कमीजास्त करावयाचे नाही.

(सही)
शि. श. तोडकरी
सोलापूर
दि. १८ फेब्रुवारी १९७५