म्हातारीची साक्ष

तुम्ही हसाल, पण आमच्या घरची केस टीव्हीवर चालली होती.

फुलचूरला आमची काकी रोज दुपारी आम्हाला वाढून झालं की आतल्या खोलीत टीव्हीवरचं कोर्ट पाहत बसायची. तिथं जो निकाल लागेल, तो आमच्या घरात लागू. त्या वर्षी बाबा आणि काकाचं शेताच्या धुऱ्यावरून बिनसलं होतं. हद्दीचा दगडच गायब होता, आणि दोघंही एकमेकांवर आळ घेत होते. एका पंगतीत जेवायचे, पण बोलायचे नाहीत.

एका दुपारी आम्ही जेवून राहिलो होतो, तर काकी बाहेर आली आणि काकाला म्हणाली, "आज तुमच्यासारखीच केस होती. एक म्हातारी साक्ष द्यायले आली होती. हनुवटीवर तीन टिपके गोंदलेले. जजले म्हणे, धाकट्यानं दगड विहिरीत टाकला."

काकाचा घास हातातच राहिला. माझ्या आजीच्या हनुवटीवर तसेच तीन टिपके होते. ती काकीच्या लग्नाआधीच वारली होती, आणि तिचा एकही फोटो घरात नव्हता.

काका खाली मान घालून म्हणाला, "पण मायले कसं मालूम? ती तर तेव्हा नव्हती."

"तुम्ही काऊन घाबरून राहिले? टीव्हीच तर होय," काकी म्हणाली.

आई पदरानं वारा घेत होती. तिनं वर बंद पंख्याकडे पाहिलं.

"कोणता टीव्ही पाह्यला वो तू? सकाळपासून लाइन नाही."